दयाळाचा सातबारा

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये उभं असताना किंवा इअरफोन घरी विसरल्यावर वाचता यावा म्हणून. बोलताना झालेले "अं... म्हणजे" काढून टाकलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा भाग एका गाणाऱ्या पक्ष्याबद्दल आहे, आणि यात त्याच्या गाण्याची क्लिप नाहीये. एडिटिंगला बसलेला माझा मित्र वैतागलाच. म्हणाला, "अरे, लावणीवर भाग करायचा आणि ढोलकीच वाजवायची नाही, असं झालं हे!" त्याचं म्हणणं बरोबर आहे. तरीही क्लिप नाही. का नाही, ते कळायला तुम्हाला माझ्याबरोबर थोडं चालावं लागेल. मधे मी केलेली एक चूकही येते, तीही सांगणार आहे.

आधी ओळख

पक्ष्याचं नाव दयाळ. तुम्ही त्याला नक्की बघितलंय, फक्त नाव माहीत नसेल. साधारण बुलबुलाएवढा, शेपटीसकट 19 सेंटिमीटरच्या आसपास. नर चकचकीत काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा लांब पट्टा. शेपटी काळी-पांढरी आणि बहुतेक वेळा वर उचललेली, अगदी रुबाबात. मादीची ठेवण तीच, पण जिथे नर काळा तिथे ती राखाडी. पिल्लांच्या छातीवर तपकिरी ठिपके असतात.

आता एक घोळ मिटवू. चिरक नावाचा याचा एक नातेवाईक आपल्याकडे माळावर, बांधावर, दगडांमध्ये दिसतो. तोही काळा, तोही शेपटी उंचावणारा. पण चिरकाचं पोट पांढरं नसतं आणि शेपटीखाली तांबूस-विटकरी रंग असतो. पांढरं पोट दिसलं की समजायचं, दयाळ.

राहायला याला घनदाट जंगल लागत नाही. बाग, परसदार, सोसायटीच्या कंपाउंडमधली चार झाडं, कॉलेजचा कॅम्पस, एवढं पुरतं. जमिनीवर टुणटुण उड्या मारत पालापाचोळ्यातले किडे टिपणं हा याचा मुख्य धंदा. अधूनमधून छोटी पाल, गोम असलंही खातो. पांगारा किंवा सावर फुलली की फुलातला मधही चाखतो. संध्याकाळी बाकीचे पक्षी झोपायला गेले तरी अंधार पडेपर्यंत याची फिराफिर चालू असते.

भारतीय उपखंडापासून आग्नेय आशिया आणि चीनपर्यंत हा सापडतो. बांगलादेशचा तर हा राष्ट्रीय पक्षी. तिथे त्याला 'दोयेल' म्हणतात आणि त्यांच्या दोन टाकांच्या नोटेवरही तो विराजमान झालेला आहे. आपण मात्र त्याला "ते काळं-पांढरं काहीतरी" म्हणतो!

गंमत म्हणजे, महाराष्ट्रात आपण पक्षी सप्ताह साजरा करतो 5 ते 12 नोव्हेंबर. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा. पण त्या दिवसांत दयाळ जवळजवळ गप्प असतो. खरखरीत 'खर्रर्र' असा आवाज काढेल, फार तर एखादी बारीक शीळ. मार्च उजाडला की मात्र हाच पक्षी पहाटेच्या अंधारात अशी काही तान घेतो की झोपमोड झाली तरी राग येत नाही. मार्च ते जुलै हा त्याचा विणीचा मुख्य काळ आणि गाण्याचाही तोच.

एकाच पक्ष्याचे असे दोन अवतार का? कारण गाणं ही त्याची हौस नाही. ते काम आहे, आणि कामाला सीझन असतो. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात हार्मोन बदलतात, वीण सुरू होते आणि त्याबरोबर गाणं सुरू होतं.

गाणं येतं कुठून

आपलं स्वरयंत्र गळ्यात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं. पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र खाली छातीत असतं, जिथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटून ते दोन फुफ्फुसांकडे जातात. त्याला म्हणतात सिरिंक्स. दोन फाट्यांच्या तोंडाशी असल्यामुळे गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वापरता येतात. म्हणजे एकाच गळ्यात दोन वाद्यं. दोन सूर एकदम, किंवा एका बाजूने सुरू केलेला सूर दुसऱ्या बाजूने उचलायचा, इतक्या सफाईने की आपल्याला जोड ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. हे पक्षी गाणं शिकतात. 1950च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं मोठ्या पक्ष्यांचं गाणं कानावर न पडू देता वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली, पण ओबडधोबड. चॅफिंचचं नीट गाणं त्यांना जमलं नाही. लहानपणी ऐकणं, मग बडबडल्यासारखं करून बघणं, मग हळूहळू सूर लागणं. आपली बाळं बोलायला शिकतात ना, बरंचसं तसंच.

इथे एक धक्का देतो. पक्षिशास्त्राच्या वर्गीकरणात कावळा गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये येतो आणि कोकिळ येत नाही! आपल्या शाळेतल्या सगळ्या सुविचारांच्या उलट. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या घरट्यात उबतं, पिल्लू "काव काव" ऐकत वाढतं, आणि तरी मोठा झालेला नर "कुहू"च करतो. कारण ते त्याच्यात जन्मजात आहे, शिकवणी लागत नाही. दयाळाच्या गटातल्या पक्ष्यांना मात्र शिकवणी लागते. दयाळ तर दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाच्या नकलाही आपल्या गाण्यात घुसवतो.

गाणं म्हणजे सातबारा

आता मुख्य प्रश्न. एवढं कशासाठी? पहाटे उठायचं, टीव्हीच्या अँटेनावर किंवा पाण्याच्या टाकीवर सगळ्यांना दिसेल असं बसायचं, शिकारी पक्ष्यांना आयतं दिसायचं आणि पोट रिकामं असताना तासभर गायचं. यात फायदा काय?

दोन फायदे. एक, मादीला सांगणं की मी इथे आहे, धडधाकट आहे. दुसरा, इतर नरांना सांगणं की ही जागा माझी आहे, पुढे जा.

हा दुसरा अर्थ आपल्याला पटकन कळेल, कारण आपल्याकडे सातबारा आहे. गावात जमिनीचा वाद निघाला की पहिला प्रश्न काय? सातबारा कुणाच्या नावावर आहे? दयाळाचं गाणं म्हणजे त्याचा सातबारा. हे आंब्याचं झाड, ही पाण्याची टाकी, मागची भिंत आणि तिच्यातलं घरट्याचं भोक, सगळं माझ्या नावावर. फरक एवढाच की आपला उतारा कागदावर असतो. दयाळाला तो रोज पहाटे नव्याने वाचून दाखवावा लागतो. एखाद्या सकाळी वाचला नाही, की शेजारचा समजतो मालक गेला.

"हे तुझं कवित्व झालं, पुरावा काय?" असं कुणी विचारेल. पुरावा आहे, आणि फार सुंदर आहे. 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात जॉन क्रेब्स यांनी एक प्रयोग केला. ग्रेट टिट हा आपल्या दयाळासारखाच हद्द राखणारा छोटा पक्षी. क्रेब्स यांनी एका भागातले ग्रेट टिट पकडून तिथून हलवले, म्हणजे हद्दी रिकाम्या झाल्या. मग काही रिकाम्या हद्दींत स्पीकर लावले आणि ग्रेट टिटचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलं. काही ठिकाणी साध्या शिटीचा आवाज, काही ठिकाणी शांतता. झालं काय? जिथे शांतता किंवा नुसती शिटी होती तिथे नवे नर लवकर घुसले. जिथे गाणं वाजत होतं तिथे ते उशिरा शिरले. आत एकही पक्षी नव्हता, फक्त स्पीकर होता! तरी बाहेरच्यांनी तो सातबारा खरा मानला.

हे वाक्य लक्षात ठेवा: पक्ष्याच्या लेखी रेकॉर्डिंग म्हणजे पक्षीच. पुढे लागणार आहे.

दयाळावरही आपल्याकडे काम झालंय. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दयाळाची गाणी आणि आवाज रेकॉर्ड करून त्यांचं वर्गीकरण केलं. त्यातून दिसतं की हद्दीसाठीचं वेगळं, धमकीचं वेगळं, शरणागतीचं वेगळं, संकटाचं वेगळं, पिल्लांनी खाऊ मागायचं वेगळं असे याचे निरनिराळे आवाज आहेत. आपल्याला सगळंच "किती गोड" वाटतं. त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात "ए, निघ इथून" असतं.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. मी सातारला घरी होतो, वर्क फ्रॉम होम. घराच्या मागच्या भिंतीत एक भोक आहे, जुना पाइप काढल्यावर तसंच राहून गेलेलं. तिथे दयाळाच्या जोडीने घरटं केलं. मादीच गवत, काटक्या, मुळं आणत होती. नर समोरच्या शेवग्यावर बसून गात होता. आई म्हणाली, "हा नुसता मुकादम आहे, काम ती करतेय." खरंय तसं. अंडीही मादी एकटीच उबवते. पण मुकादमाचं काम काय असतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी एकदा फोनचा टॉर्च मारून आत बघितलं. निळसर-हिरवी चार अंडी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. हेही करायला नको होतं, पण केलं. काही दिवसांनी आतून बारीक चिवचिव सुरू झाली.

त्याच आठवड्यात मी फोनवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं अ‍ॅप घेतलं होतं. त्यात दयाळाच्या गाण्याची रेकॉर्डिंग्ज होती. एका सकाळी मी खिडकीत उभा राहून त्यातलं एक वाजवलं. अक्षरशः काही सेकंदांत नर समोरच्या ग्रिलवर! अंग फुगवलेलं, चोच आकाशाकडे, शेपटीचा पंखा. मला वाटलं, वा, माझ्याशी गप्पा मारायला आला. मी व्हिडिओ काढला, रील टाकली. रील चालली. लोकांनी हार्ट टाकले. मग दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत, वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज लावून.

चौथ्या दिवशी मी काहीच वाजवलं नाही, तरी तो खिडकीशी होता. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. आधी आवाज ऐकू यायचा, पण आवाजाचा मालक दिसत नव्हता. आता तो सापडला! तो काचेवर चोच मारत राहिला. आई चहाचा कप घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "अरे बाळा, हा सकाळपासून तुझ्या खिडकीशीच भांडतोय. ती बिचारी एकटीच ये-जा करतेय बघ."

त्याच दुपारी आईने कंपाउंडच्या भिंतीवर भारद्वाज फिरताना पाहिला. भारद्वाज दिसला की आपल्याकडे शुभ मानतात, आईने हातही जोडले. पण भारद्वाज दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खातो. एरवी तो जवळ आला की दयाळ नर 'खर्रर्र' करत त्याच्यावर झेपावतो. मुकादमाचं काम हे असतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीतलं भोक शांत होतं. मादी चोचीत किडा घेऊन दोन-तीनदा आली, आत डोकावली, आणि किडा तसाच घेऊन उडून गेली.

माझ्यामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. घरटी अशीही उद्ध्वस्त होतात, भारद्वाज आहे, मांजर आहे, धामण आहे. पण माझ्यामुळे झालं नाही, असंही मला म्हणता येत नाही. वायटममधला तो स्पीकर आठवतो ना? मी तेच केलं होतं. फरक हा की त्यांनी रिकाम्या हद्दीत स्पीकर लावला होता. मी लावला तो ज्या घरात लेकरं होती त्याच्या दारात. रोज सकाळी खोटा सातबारा घेऊन मी त्याच्या अंगणात उभा राहत होतो, आणि तो बिचारा कोर्टकचेरी करत बसला होता.

रील मी डिलीट केली. त्याने काही भरून आलं नाही, पण ठेवणंही जमेना.

पिंजऱ्यातली मैफल

माझी चूक खिडकीएवढी होती. हीच गोष्ट बाजारात गेली की काय होतं, तेही सांगतो.

इंडोनेशियात दयाळाला 'काचेर' म्हणतात. तिथे गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात. पिंजरे रांगेने टांगतात, परीक्षक फिरतात, बक्षिसं असतात. पक्षी इतक्या जोरात का गातो? कारण शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा नर आहे. आपल्याला मैफल वाटते, त्याच्यासाठी तो न संपणारा हद्दीचा वाद असतो. पळताही येत नाही, पळवून लावताही येत नाही. या हौसेसाठी पक्षी पकडून पकडून जावा बेटावरच्या अनेक भागांतून गाणारे पक्षी दिसेनासे झालेत. सिंगापूरमध्येही एके काळी दयाळ बागाबागांतून असायचा. 1980च्या दशकापर्यंत तो तिथून जवळपास संपला होता, आणि त्यात पकडणाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढे तो तिथे मुद्दाम पुन्हा सोडावा लागला.

म्हणजे ज्या गाण्याने तो आपली जागा राखतो, त्याच गाण्यापायी त्याची जागा जाते.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे, आणि दयाळासारखे आपले रानपक्षी पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. कुणी "भाऊ, गाणारा आहे, घ्या" म्हणालं तर घेऊ नका, आणि वनविभागाला कळवा.

मग आपण काय करायचं

फोन फेकून द्या, असं मी सांगणार नाही. फोन पक्ष्यांसाठी उत्तम आहे, फक्त दिशा बदलायची. ऐकवायचं नाही, ऐकायचं.

एक, रेकॉर्ड करा. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ऐकून पक्षी ओळखायला मदत करतं. ते फक्त ऐकत असतं, त्याने पक्ष्याला काही होत नाही. आपण केलेलं रेकॉर्डिंग ई-बर्ड किंवा झेनो-कँटोवर टाकलं तर अभ्यासकांनाही उपयोगी पडतं.

दोन, अ‍ॅपमधलं गाणं ऐकायचंय? इअरफोन लावा. स्पीकरवर, उघड्या खिडकीत, मार्च ते जुलै तर अजिबात नको.

तीन, दयाळ गाडीच्या आरशाशी किंवा खिडकीच्या काचेशी भांडताना दिसला तर हसून व्हिडिओ काढू नका. आरशावर जुना मोजा चढवा, काचेला बाहेरून कागद लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

चार, घरटं सापडलं तर त्याचा फोटो, त्याचं लोकेशन, काहीच शेअर करू नका. टॉर्च मारू नका.

पाच, कोपऱ्यात थोडा पालापाचोळा राहू द्या. रोज झाडून लख्ख केलेल्या, औषध फवारलेल्या अंगणात किडा नाही, आणि किडा नाही तर दयाळ नाही. जुन्या झाडाची ढोली दिसली की लगेच सिमेंट भरायला धावू नका, कुणीतरी तिथे भाडं न देता राहत असतं.

आता क्लिप का नाही, ते कळलं असेल. तुमच्यातले कितीतरी जण हा पॉडकास्ट सकाळी दात घासताना, फोन खिडकीत ठेवून, स्पीकरवर ऐकता. तुम्हीच मेसेज करून सांगता. खिडकीबाहेर कुणाचं घर आहे ते मला माहीत नाही, म्हणून क्लिप नाही.

सातारच्या भिंतीतलं ते भोक आम्ही बुजवलेलं नाही. मागच्या वर्षी ते रिकामंच राहिलं. यंदा मार्चमध्ये आईचा फोन आला, पहाटे साडेपाचला. मी घाबरून उचलला. आई काहीच बोलली नाही, फोन तिने शेवग्याच्या दिशेने धरला होता. तोच आहे की दुसरा, कळायला मार्ग नाही. मी इअरफोन लावले आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिलो.

उद्या पहाटे तुम्हीही पाच मिनिटं खिडकीत उभे राहा. फोन खिशात. कुणाचा सातबारा ऐकू येतोय, ते मला नक्की कळवा.